बाकीच्या तेवीसजणी

देशातली सगळ्यात सुंदर मुलगी कोण, हे शनिवारच्या पेपरात पहिल्या पानावर मुकुटासकट छापून आलं. रविवारी दुपारी तीनला केबलवर तो कार्यक्रम पुन्हा दाखवणार होते. तो बघायला आमच्या शेजारचे नाना देगावकर इस्त्रीचा सदरा घालून पावणेतीनलाच आमच्या घरी हजर झाले.

"नाना, निकाल लागला की परवाच," मी पेपर त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ही नक्को," ते म्हणाले. "हिचं काम झालं. मला बाकीच्या तेवीसजणी बघायच्यात."

हे वाचून कोणी नानांबद्दल भलतासलता समज करून घेऊ नये, म्हणून आधी सगळं नीट सांगते.

नल्लकुंट्यातल्या त्या घरात खाली घरमालकीण लक्ष्मम्मा आणि वर दोन बिऱ्हाडं. एक आमचं, दुसरं नानांचं. नानांची बायको बरीच वर्षं आधी गेलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी मीना, दोघंच. मीना बेगमपेटेला एका खाजगी कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. घरातल्या गॅसपासून बापाच्या औषधांपर्यंत सगळं तीच बघायची. नाना जुन्या हैदराबाद संस्थानात उर्दूत शिकले, महसूल दफ्तरात कारकून लागले. पुढे राज्य बदललं, दफ्तराची भाषा बदलली, नानांच्या तोंडातले शब्द मात्र त्यांच्या पहिल्या साहेबाच्या वेळचेच राहिले. अर्जाला ते दरख्वास्त म्हणायचे आणि फाइलला मिसल. लहानपणी मीनाचा ताप उतरला की बायकोला सांगायचे, "चला, ही मिसल बंद."

पण हैदराबादेतल्या मराठी घरांत नाना प्रसिद्ध होते ते नकारासाठी.

मुलगी बघून आल्यावर होकार कोणीही कळवतं. त्याला अक्कल लागत नाही. नकार लिहायचा म्हटलं की भलेभले पेन चावत बसायचे आणि मग काचीगुड्यापासून शालीबंड्यापर्यंत जिथून तिथून माणसं नानांकडे यायची. नाना त्यांना बसवायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि सुलतान बाजारातून खास आणलेल्या जाड पिवळसर कागदावर मसुदा करून द्यायचे. त्यांचे नियम ठरलेले होते. नकार आठ दिवसांच्या आत गेला पाहिजे. पहिलं वाक्य त्या घरच्या आदरातिथ्याबद्दल पाहिजे. 'पसंत' हा शब्द कुठेही येता कामा नये. आणि मुख्य म्हणजे कारण द्यायचंच, पण ते आपल्या बाजूचं. मुलीकडे बोट जाता कामा नये. मुलाची नोकरी फिरतीची आहे, मुलाच्या आईला संधिवात आहे, मुलाला अजून दोन वर्षं लग्नच करायचं नाही. कारण काही असो, दोष मुलाच्या घराने घ्यायचा.

"निजामी अमलातसुद्धा दरख्वास्त नामंजूर केली तर कारण लिहायचे," नाना सांगायचे. "कारण न देता नाही म्हणणं म्हणजे माणसाला दारात उभं करून आतून कडी लावणं."

एकदा तर गंमतच झाली. बरकतपुऱ्याच्या एका बाईंना मुलगी सावळी वाटली म्हणून नकार द्यायचा होता. नानांनी असा काही मसुदा केला, की मुलीचे वडील आभार मानायला बस बदलत बदलत त्या बाईंच्या घरी आले. तास दीड तास बोलले आणि त्या बोलण्यात बाईंचं मन फिरलं. दोन महिन्यांत लग्न झालं. पेढे घेऊन ती मंडळी आली तेव्हा नाना खूश होण्याऐवजी वैतागले. "बंद केलेली मिसल अशी उघडली तर माझ्या लिहिण्याला काय किंमत राहिली?" पेढे मात्र त्यांनी दोन घेतले.

तर अशा या माणसाने शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे तो सौंदर्यस्पर्धेचा कार्यक्रम पहिल्यांदा थेट पाहिला होता. केबल नुकतीच आली होती. आपल्या मुली परदेशातून मुकुट आणत होत्या, गल्लीगल्लीत ब्यूटी पार्लरच्या पाट्या लागत होत्या. त्यामुळे बघायला खालच्या लक्ष्मम्माही आल्या होत्या. पण नाना अर्ध्यातूनच उठून गेले. चेहरा असा, की जेवणात खडा लागला असावा. रविवारी लक्ष्मम्मा पुन्हा येऊन बसल्या. नाना मात्र या वेळी तयारीने आले होते. हातात पाठकोरे कागद आणि पेन्सिल.

"मालतीबाई, तुम्ही यादी चांगली करता," ते म्हणाले. "यांची नावं उतरवून घ्या. नावाबरोबर गावही."

मी वही घेतली. मला यादी करायला सांगितलेलं कधीच वावगं वाटत नाही. चोवीस मुली एकेक करून पुढे आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, नाव-गाव सांगून मागे गेल्या. मी लिहीत गेले.

"चालून दाखवलं," नाना म्हणाले. "आमच्या वेळी दिवाणखान्यातून माजघरापर्यंत चालवायचे. इथं जरा लांब आहे, इतकंच."

पोहण्याच्या कपड्यांचा भाग आला तेव्हा नानांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. दोन्ही काचा पुसून झाल्या, काड्या पुसून झाल्या. मग मान खाली घालूनच त्यांनी लक्ष्मम्मांना विचारलं, "झालं का हो?"

"इंका उंदी, नानागारू," लक्ष्मम्मा डोळे न हलवता म्हणाल्या. अजून आहे, म्हणजे.

नानांनी चष्मा पुन्हा पहिल्यापासून पुसायला सुरुवात केली.

मग मुलींची निवड होऊ लागली. नानांचं खरं बघणं इथून सुरू झालं. सूत्रसंचालक एकेक नाव ओरडून सांगत होता आणि ती ती मुलगी तोंडावर हात ठेवत पुढे येत होती. कॅमेरा अर्थातच तिच्यावर. नाना खुर्ची सोडून टीव्हीला अगदी चिकटले आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघू लागले. तिथे नाव न आलेल्या मुली ओळीने उभ्या होत्या.

"बघा, हसतायत," नाना म्हणाले. "नामंजूर झाल्यावरही हसायचं, हा कुठला कायदा?"

"टीव्हीवर आहेत नाना. रडतील का?" आमचे हे म्हणाले.

"रडू नका म्हणा. पण हसायला कायकू लावता? आणि यांची नावं कुठं वाचली? मंजूर झालेल्यांचीच वाचली. बाकीच्यांनी आपण होऊन समजून घ्यायचं. बोलले का कोणी त्यांना, की बाई, तुझं नाही झालं, अमुक कारणानं नाही झालं?"

"सगळ्याच विजेत्या आहेत असं म्हणाला की तो," मी म्हटलं.

"सगळ्याच विजेत्या, तर मग घरी चालल्या त्या कोण?"

पुढे पाच मुलींना प्रश्न विचारले. परीक्षकांत एक खेळाडू होता, एक नट होता आणि एक कापडगिरणीचा मालक. जग बदलायचं झालं तर तू काय करशील, असं गिरणीमालकाने एकीला विचारलं आणि तीस सेकंद दिले.

"पुण्याच्या मुलानं मीनाला छंद विचारला, तर तिला बोलायला तीन मिनिटं लागली," नाना म्हणाले. "आणि हे जग बदलायला तीस सेकंद देतात."

पुण्याच्या मुलाची गोष्ट आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होती. तीन आठवड्यांपूर्वी पुण्याहून मीनाला बघायला मंडळी आली होती. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, लवकरच अमेरिकेला निघालेला. बरोबर आई-वडील आणि एक काका. जेवण झालं, गप्पा झाल्या, मुलाच्या आईने मीनाच्या हातची वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. निघताना 'कळवतो' म्हणाले. नाना तेव्हापासून रोज अकराला, पोस्टमन यायच्या वेळी, जिन्याच्या पायरीवर येऊन बसत. पोस्टमन मान हलवून पुढे गेला की उठून आत जात. आम्ही म्हणायचो, फोन करून विचारा की. ते म्हणायचे, "मुलीच्या बापानं विचारणं म्हणजे मुलीला दुसऱ्यांदा दाखवणं."

इतक्यात मीनाच चहाचा ट्रे घेऊन आली. पडद्यावर आता दोनच मुली राहिल्या होत्या. एकमेकींचे हात घट्ट धरून, डोळे मिटून उभ्या. नाव पुकारलं गेलं. जिच्या नावाने टाळ्या पडल्या तिला आधी दुसरीनेच मिठी मारली, आणि मग गर्दीत ती दुसरी दिसेनाशी झाली. नाना पडद्याच्या कडेला मान वाकडी करून तिला शोधत राहिले.

"अय्यो पापम," लक्ष्मम्मा हळहळल्या.

"त्या हसतात म्हणून तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हो नाना," मीना कप देत म्हणाली. "घरी जाऊन मस्त झोपल्या असतील. ही घ्या खारी."

आणि तीही हसली. नानांनी टीव्हीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ बशीतल्या चहाकडे.

त्या संध्याकाळी नानांनी माझ्याकडून त्या कार्यक्रमाच्या आयोजकांना पत्र लिहून घेतलं. सूचना अशा: निवड न झालेल्यांची नावं आधी वाचावीत. प्रत्येकीला एकेक कारण द्यावं आणि ते आयोजकांच्या बाजूचं असावं. उदाहरणार्थ, आमच्याकडे मुकुट एकच आहे. त्यांना बसायला खुर्च्या आणि प्यायला चहा द्यावा. आठ दिवसांत त्यांच्या वडिलांना पत्र जावं. शेवटी, 'पत्राचा मसुदा हवा असल्यास खालील पत्त्यावर मोफत मिळेल' असं लिहून त्यांनी पत्ता घातला. इंग्रजी माझं होतं आणि ते वाईट नव्हतं. उत्तर अर्थातच आलं नाही.

मंगळवारी मी शाळेत शिकवून परतले, तर नाना आमच्या दारात उभे. मीना कामावर होती. आत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

"मालतीबाई, एक पत्र लिहून द्या. माझं अक्षर मीना ओळखते."

"कोणाला?"

"मलाच. पुण्याच्या मुलाच्या काकाकडून."

नाना खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

"त्या टीव्हीवरच्या पोरींना निदान त्याच रात्री कळलं," ते म्हणाले. "माझी पोर तीन आठवडे उभी आहे. रोज कामावर जाते, हसते, मला गोळ्या देते. तिला कोणी बस म्हणायला नको? ते लोक लिहिणार नाहीत, हे मला कळतं की. आता नवी पद्धत आहे, कळवतो म्हणायचं आणि विसरायचं. मग आपणच मिसल बंद करू."

मी व्यवहारी बाई आहे. हे खोटं आहे, असं मी त्यांना सांगितलं. हेही सांगितलं, की पुढेमागे कळलं तर मीना दोघांशीही बोलणार नाही. नाना सगळ्याला "हौ, हौ" म्हणाले आणि उठले नाहीत. शेवटी मी वही उघडली आणि काय काय लागेल ते लिहिलं: कागद नानांचा नको, साधा रेघांचा. शाई निळी. अक्षर माझं, पण तिरकं. पुण्याचा शिक्का. यातला शिक्का सगळ्यात अवघड होता, पण पुढच्याच आठवड्यात आमच्या यांचा ऑफिसच्या कामासाठी पुण्याचा दौरा होता. हे आधी "मी काय टपालखातं आहे?" म्हणून कुरकुरले आणि मग त्यांनीच विचारलं, की काकांचं नाव काय होतं? ते कोणालाच आठवेना. सही अगम्य करायची ठरली.

"आता मसुदा द्या," मी म्हटलं. "तुम्हाला पाच मिनिटांचं काम."

नाना कागद घेऊन घरी गेले. बुधवारी आले नाहीत. गुरुवारी विचारलं तर म्हणाले, "चालू आहे." शुक्रवारी मी त्यांच्या घरी डोकावले. टेबलावर खोडलेल्या कागदांचा ढीग आणि नाना चष्मा कपाळावर चढवून बसलेले.

"आदरातिथ्यापर्यंत येतं," ते म्हणाले. "पुढं कारण सापडंना."

"नाना! आजवर शेकड्यांनी नकार लिहिलेत तुम्ही. मुलाच्या आईचा संधिवात घाला."

"मीना संधिवाताचं सगळं करते. माझे गुडघे तीच शेकते. संधिवातासाठी तिला नाही म्हणायला ते लोक वेडे आहेत का?"

"मग मुलाची फिरती."

"तिला प्रवास आवडतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मालतीबाई, दुसऱ्यांच्या मुलींना कारणं लगेच सुचायची हो. तेव्हा त्या मुली मी बघितलेल्या नसायच्या."

शनिवारी अखेर मसुदा आला. तीन पानं. तो नकार नव्हताच. मुलाचे काका लिहीत होते, की आमचे चिरंजीव संगणकात हुशार असले, तरी समोरच्या माणसाकडे बघून बोलण्याची त्यांना सवय नाही. आपल्या मुलीने त्यांना तीनदा वाढले, त्यांनी एकदाही वर पाहिले नाही, हे आम्ही पाहिले आहे. पुढे दुसऱ्या पानावर असं होतं: 'सकाळी डबा भरताना गुणगुणणारी, वडिलांचा चष्मा त्यांनी मागण्याआधी पुसून ठेवणारी, आई गेल्यावर सोळाव्या वर्षी घर हाती घेऊन एक दिवसही कपाळाला आठी न घालणारी अशी मुलगी त्या घरातून उचलून नेण्याइतकी आमच्या घराची योग्यता नाही. तरी क्षमा असावी.'

"नाना," मी म्हटलं, "पुण्याच्या काकांना तुमच्या चष्म्याचं कसं कळलं?"

"दिसलं असेल."

"दोन तासांत? आणि डबा भरताना ती गुणगुणते हे? ते तर दुपारी आले होते. हे दुसरं पान काढा."

"पहिलं काढा पाहिजे तर," नाना म्हणाले. "दुसरं नको."

मी तिन्ही पानं तशीच उतरवली. अक्षर तिरकं काढलं. आमच्या यांनी ते पुण्याला पेटीत टाकलं आणि चौथ्या दिवशी पत्र नल्लकुंट्यात आलं. नानांनी ते पोस्टमनकडून घेतलं आणि न फोडता टेबलावर ठेवून दिलं. मीना घरी येईपर्यंत त्यांनी जिन्यावर आठ-दहा फेऱ्या मारल्या. ती घरी आली तसे ते कोथिंबीर आणायची म्हणून बाहेर पडले. कोथिंबीर घरात होती.

पाच मिनिटांत मीना माझ्याकडे आली. हातात ते पत्र.

"काकू," ती म्हणाली, "पुण्याच्या काकांना आमच्या घरची बरीच माहिती दिसते."

मी भाजी निवडत होते, ती निवडत राहिले.

"त्या मुलाचा मला चौथ्याच दिवशी ऑफिसात फोन आला होता," ती म्हणाली. "त्याचं तिकडं आधीच कोणाबरोबर तरी ठरलंय. आईवडिलांना सांगायचा धीर नव्हता, म्हणून बघायला आला. सॉरी म्हणाला बिचारा. मी म्हटलं, ठीक आहे."

"चौथ्या दिवशी? मग नानांना सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? फोनवर नाही म्हटलेलं त्यांना चाललं असतं का? त्यांना कागद लागतो. शनिवारच्या सुट्टीत बघते ना, पायरीवर बसलेले असतात. वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. माझं काय, मी विसरलेसुद्धा. पण ते रोज थोडे थोडे..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि पत्राची घडी उलगडली. दुसरं पान वर होतं. "सोळाव्या वर्षी घर हाती घेतलं, असं लिहिलंय. मला वाटायचं, त्यांना ते लक्षातही नसेल. कधी बोलले नाहीत."

"तुला राग आला का?" मी विचारलं.

"कोणाचा? पुण्याच्या काकांचा?" ती म्हणाली आणि डोळे पुसत उठली.

नाना दोन जुड्या कोथिंबीर घेऊन परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्या दोन्ही घरांची गच्ची एकच. मी वाळलेले कपडे काढत होते. मीनाने खुर्ची बाहेर आणली, नानांना बसवलं आणि स्वतः पायरीवर बसली.

"पुण्याचं पत्र आलंय, नाना. नाही म्हणतात."

"असं का," नाना म्हणाले. "वाच बघू."

तिने तिन्ही पानं सावकाश वाचली. नाना डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते, दुसऱ्याचा मसुदा तपासायला आल्यासारखे. वाचून झालं तेव्हा घसा साफ करून म्हणाले, "जरा लांबलंय. पण लिहिणारा माणूस समजदार दिसतो."

"हौ नाना, समजदारच आहे."

"तुला वाईट वाटलं का?"

"नाही. असं पत्र मला कोणी लिहिलं नव्हतं."

नानांनी मान हलवली. आता ते मिसल बंद म्हणणार, असं मला वाटलं. पण त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा उतरवला आणि तसंच, चष्म्याशिवाय, समोरच्या चिंचेकडे बघत म्हणाले, "दुसरं पान परत एकदा वाच."